पावडरचा बोर्ड

माझ्या घरात दोन इस्त्र्या आहेत. एक कपड्यांची, दुसरी मेणाची. मेणाची इस्त्री फक्त फेब्रुवारीत बाहेर निघते, तीही वारा पूर्वेकडून यायला लागला तरच. एरवी नेदरलँड्समधला वारा समुद्रावरून येतो, ओला आणि कटकट्या. पण एखाद्या आठवड्यात तो पाठ फिरवतो आणि पूर्वेकडून कोरडा, बोचरा होऊन येतो. मग ऑफिसमधले डच सहकारी स्केट्सना धार लावायला काढतात, खालच्या मजल्यावरची ट्रूस दारातल्या पायरीवर मीठ टाकते आणि मी बेर्खिंगमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळाशी असलेल्या सामानाच्या खोलीत, दोन सायकलींच्या मागून माझा स्नोबोर्ड ओढून काढते. बर्फ पडतोच असं नाही. बहुतेक वर्षी नाहीच पडत. तरी मेण लावून ठेवायचं, आपल्या बाजूने तयारी पाहिजे.

आज सकाळी लावलं. मेणाची वडी इस्त्रीच्या टोकाला टेकवली की ती ठिबकायला लागते. बोर्डाच्या तळावर थेंबांची नागमोडी ओळ उमटते, मग त्यावरून इस्त्री फिरवायची आणि सगळं सारखं पसरायचं. गार झालं की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचं. एवढ्या मेहनतीने लावलेलं लगेच खरवडून टाकायचं, याचं मला पहिल्या वर्षी फार वाईट वाटलं होतं. पण तळाच्या आत मुरतं तेवढंच मेण कामाचं असतं. त्या वासाने खोली भरली आणि मला तो हिवाळा आठवला. आता त्याला काही वर्षं झाली. जगाने त्याला वाईटच म्हटलं आणि त्यात जगाचं काही चुकलं नाही. मी मात्र त्या हिवाळ्यात खूप हसले, हे मी कुणाला फारसं सांगत नाही.

आमचं झूटरमेर गाव ताटासारखं सपाट आहे. एकच टेकडी, तीही माणसांनी केलेली, जुन्या बांधकामांचा राडारोडा रचून. तिच्या अंगावर एक लांबलचक हॉल उतरता बांधलाय आणि त्याच्या आत बारा महिने बर्फ असतो. ज्या देशात डोंगर नाही तिथे लोकांनी डोंगर केला, बर्फ नाही तर बर्फही केला, आणि वर छप्पर घातलं. माझ्या बाल्कनीतून तो हॉल दिसतो. महामारीच्या आधी ऑफिसची सहल तिथे गेली, तेव्हा मी पहिल्यांदा स्नोबोर्डवर उभी राहिले. उभी राहिले म्हणजे पडले. तिथला शिकवणारा बास म्हणाला की पडायला येणं हाच पहिला धडा आहे. त्या धड्यात मी पहिल्या दिवसापासून वर्गात पहिली होते.

चाळिशीला टेकलेली, आयुष्यभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम केलेली, चिंचवडमध्ये वाढलेली बाई बर्फावर घसरायला का जाते, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आवडलं, बस. दोन हिवाळे मी जात राहिले. सरळ जायचे, एका बाजूला वळायचे, आणि दुसऱ्या बाजूला वळायची वेळ आली की आदळायचे. दर वेळी तेच वळण, तोच गुडघा. आपल्यातच काहीतरी कमी आहे असं मी धरून चालले होते. तरी ऑस्ट्रियाला जायचं ठरलं होतं, चार सहकाऱ्यांबरोबर, मार्चमध्ये. तिथे म्हणे पावडर असते. आभाळातून पडलेला, कुणीही न दाबलेला, कोरडा, पिठासारखा बर्फ. सहकारी त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. आणि नेमक्या त्या मार्चमध्ये सगळ्या सीमा बंद झाल्या, ऑफिस माझ्या जेवणाच्या टेबलावर आलं आणि आम्ही सगळे घरात बसलो.

घरात बसल्यावर कळलं की मला बाबांशी बोलता येत नाही.

आई होती तोवर फोन तिचा होता. ती चाळीस मिनिटं बोलायची आणि बाबा मागून एखादं वाक्य टाकायचे, "तिला म्हणावं, सायकलवर कान झाकून जा." ते आई मला सांगायची, माझं उत्तर आई त्यांना सांगायची, आणि असं आम्हा बापलेकीचं बोलणं व्हायचं. महामारीच्या दीड वर्ष आधी आई गेली. फोन बाबांच्या हातात आला आणि त्याचं काय करायचं ते दोघांनाही कळेना.

"जेवलात?"

"हो. तू?"

"आता जेवेन."

"बरं. मग ठेवू?"

पुढे महामारीत निदान आकडे तरी होते. इकडे किती, तिकडे किती. बाबा टीव्हीवरचे सांगायचे, मी इकडचे. मग तेही नको वाटायला लागले. बाबा चिंचवडच्या फ्लॅटमध्ये एकटे, डबा शेजारून यायचा, तोही दाराबाहेर ठेवलेला. मला जाता येत नव्हतं. मला भीती त्यांच्या आजारपणाची होतीच, पण तिच्याखाली आणखी एक होती, आणि ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. एक दिवस आमच्यातलं बोलणं संपून जाईल आणि दोघांच्याही ते लक्षात येणार नाही, ही ती भीती. फोन चालू राहील, "ठेवू का" चालू राहील, पण आत काहीच नसेल.

डिसेंबरात हॉल पुन्हा बंद झाला. बासचा मेसेज आला की तो घरच्या गॅरेजमध्ये जुने बोर्ड दुरुस्त करत बसलाय, त्यात दोन पावडरचे आहेत, हवा असेल तर येऊन बघ. पावडर कुठे मिळणार होती त्या वर्षी, पण माझ्या मनाने एकदम उचल खाल्ली. दुपारी बाबांना फोन केला, माझी जेवणाची सुट्टी म्हणजे त्यांचा चहा.

"बाबा, मी बोर्ड घ्यायचं म्हणतेय."

"कसला?"

"पावडरचा."

पडद्यावर बाबा एकदम ताठ बसले. त्यांच्या आवाजात मला कितीतरी दिवसांनी जीव ऐकू आला.

"घे की. उत्तम विचार आहे. एकटीला विरंगुळा. पावडर मात्र बोरिकच घे हं, टाल्कम चिकटतं."

मला वाटलं हे मेणाबद्दल काहीतरी बोलतायत. कारखान्यात टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांना कशाला काय लावायचं हे माझ्यापेक्षा जास्त कळणार.

"लांबीचं ठरत नाहीये," मी म्हटलं. "एकशे बावन्न की एकशे छप्पन."

"सेंटिमीटर? अगं, चौऱ्याहत्तर पुष्कळ झालं. एवढा ठेवशील कुठे?"

"लहान चालत नाही बाबा, वजनावर असतं. आणि पुढे रुंद, मागे निमुळता हवाय."

"निमुळता?" बाबांनी चष्मा काढला. "चौकोनी नाही?"

"चौकोनी कसा असेल? त्यावर उभं राहायचंय ना."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि मला निरखून बघितलं. मग फार जपून विचारलं, "अनू, तब्येत बरी आहे ना तुझी?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा कारखान्याचे सलग काही वर्षांचे कॅरम चॅम्पियन. त्यांच्या आयुष्यात बोर्ड एकच आणि पावडरही एकच. पोरगी परदेशात एकटी पडली, आता ती दीड मीटरच्या निमुळत्या कॅरमबोर्डवर उभी राहणार म्हणते, म्हटल्यावर बापाने दुसरं काय विचारायचं? मी इतकी हसले की खुर्ची मागे सरकली. समजावून सांगता सांगता बाबाही हसायला लागले, आधी मिशीत, मग मोकळे. आई गेल्यानंतर त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

हसून झाल्यावर त्यांनी फोन ठेवला नाही. "बरं मग," ते म्हणाले, "हा तुझा बोर्ड भुसभुशीत बर्फात बुडत का नाही?"

मी बासकडून ऐकलेलं सांगितलं. बर्फ दाबलेला असला की बोर्ड त्यावर कडेने चावत जातो. पावडरीत चावायला काही नसतं, तिथे तरंगायचं. नाक वर राहिलं पाहिजे. नाक बुडलं की माणूस त्याच्यामागून बुडतो.

"म्हणजे वजन मागे."

"हो."

"पण कायम मागे रेलून उभं राहिलं तर मागची मांडी भरून येईल. त्यापेक्षा पायच मागे सरकवायचे. पुढे लांब, मागे आखूड. शेपटी निमुळती ती त्यासाठीच, मागचा भाग आपोआप खाली बसतो आणि नाक उचललं जातं. पाय बसवायला भोकं दिलीयत का पुढेमागे?"

बासला हे मला समजावायला अर्धा तास लागला होता. बाबांनी चहा संपायच्या आत काढलं, आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढून कॅमेऱ्यासमोर धरली. बोर्ड, पाय, बर्फाची रेघ आणि एक बाण. उभी असलेली बाई मात्र अगदी खराट्यासारखी काढली होती.

शनिवारी मी सायकलने बासच्या गॅरेजवर गेले. मास्क लावून, खिशात बाबा.

"नाव काय म्हणालीस त्याचं?" बाबांनी विचारलं.

"बास."

"अगं, बास काय? नाव विचारतोय."

"बासच नाव आहे, बाबा."

"काय हे आईबाप," बाबा म्हणाले. "चौथा-पाचवा मुलगा असणार."

बासला काही कळलं नाही, त्याने हसून हात हलवला. त्यापुढचा तासभर दोन माणसं एकमेकांची भाषा न कळता माझ्या डोक्यावरून बोलत होती. बाबा म्हणायचे, उजेडाकडे आडवा धरून एक डोळा मिटून कडेने बघ, वाक आहे का. मी तसं करायच्या आत बास तेच करत असायचा. बाबा म्हणायचे, बोटाने ठोकून बघ, कुठे पोकळ वाजतं का, थर सुटलेला असेल. बासने ठोकून दाखवलं. लांब बोर्ड दिसायला देखणा होता, निळा, वर डोंगर काढलेले. दुसरा आखूड, जाडगेला, मोहरीच्या तेलाच्या रंगाचा, शेपटीला माशासारखी खाच. मला निळा आवडला होता. बाबांनी निळ्याच्या शेपटीजवळ ठोकायला लावलं आणि मान हलवली. बासनेही त्याच वेळी हलवली. पिवळा घेऊन मी घरी आले, वाऱ्यात, एका हाताने सायकल आणि एका हाताने बोर्ड धरून. डच लोकांकडे काय बघायचंय, ते सायकलवरून कपाटंसुद्धा नेतात.

मग आमचे दिवस सुरू झाले. त्या हिवाळ्यातले माझे सगळ्यात चांगले दिवस, आणि सगळे जेवणाच्या टेबलावर. टेबलावर जाजम, जाजमावर बोर्ड, पाण्याच्या बाटलीला टेकवलेला फोन. बाबा रोज दाढी करून बसायला लागले. त्यांनीही त्यांच्याकडे फोनसाठी स्टूल आणलं, डाव्या हाताला चहा, उजव्या हाताला कागद. पाय अडकवायच्या दोन पकडी बोर्डावर बसवायच्या होत्या, प्रत्येकीला चार स्क्रू. ते आठ स्क्रू आम्ही दोन दिवस पुरवले.

"आधी चारही नुसते बोटाने लाव. स्क्रू आत सरळ जातोय असं बोटाला कळलं पाहिजे. तिरका गेला की आटे गेले."

"लावले."

"आता समोरासमोरचे घे. एक इकडचा, मग त्याच्यासमोरचा. थोडं थोडं. घाई कसली आहे? कुठे जायचंय तुला?"

कुठेच जायचं नव्हतं, हे खरंच होतं. संचारबंदी लागली होती, दुकानं बंद होती आणि घरी दिवसाला एकच पाहुणा बोलवायची परवानगी होती.

"आवळायचं, पिळायचं नाही," बाबा म्हणायचे. "हाताला अडलं की थांब. पुढचा पाव फेरा हा अहंकाराचा असतो."

कोन ठरवायचे होते. पुढचा पाय पुढच्या बाजूला वळलेला, एकवीस अंश. मागचा जवळजवळ आडवा, तीन अंश. हॉलमध्ये मी दोन्ही पाय बाहेर वळवून बदकासारखी उभी राहायचे, पण पावडरीत मागे मागे जायचंच नसतं, म्हणून दोन्ही पायांनी पुढेच बघायचं. बाबांना हे फार पटलं. मेणाच्या दिवशी त्यांनी आधी इस्त्री कॅमेऱ्यासमोर आणायला लावली, वाफेची तर नाही ना ते बघायला. कडक थंडीतल्या कोरड्या बर्फाला कडक मेण लागतं, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी लिहून घेतलं. का लिहून घेतलं, विचारलं नाही. चिंचवडला त्याचा काय उपयोग होणार होता?

सगळं झाल्यावर ते म्हणाले, "आता उभी राहा. बघू दे."

मी बोर्ड गालिच्यावर ठेवला, बूट चढवले, पट्टे आवळले आणि उभी राहिले. उजवा पाय पुढे, नाकाकडे. गुडघे वाकवले.

"अशी अवघडून का उभी आहेस?"

"असंच उभं राहतात, बाबा."

"नाही. तू आता जिन्यात कुणाला वाट द्यायला उभी राहिल्यासारखी दिसतेस. उजवा पाय पुढे कुणी सांगितला?"

मी विचार केला. कुणीच सांगितला नव्हता. पहिल्या दिवशी हॉलमध्ये बोर्ड भाड्याने घेताना फॉर्म भरायचा होता. नाव, वजन, बुटाचं माप, आणि पुढे कोणता पाय. मी डोळे झाकून उजव्यावर खूण केली होती. उजवाच, आणखी कुठला? शाळेच्या पहिल्या दिवशी उजवा, परीक्षेला निघताना उजवा, विमानात चढताना उजवा. झूटरमेरच्या या घराची किल्ली मिळाली तेव्हासुद्धा मी उंबरठ्यावर थांबून, पिशव्या सावरून, उजवा पाय आधी टाकला होता, आणि घराच्या एजंटाला वाटलं होतं मला पायऱ्या चढायला त्रास होतो. आईने हे आमच्या पायात इतकं मुरवलं होतं की तो प्रश्न आहे हेच मला कळलं नव्हतं. डच फॉर्मला वाटलं होतं मी माझ्या शरीराबद्दल सांगतेय. मी संस्कार सांगत होते.

"आई म्हणायची ना," मी म्हटलं. "उजवा पाय आधी."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तू डाव्याने घसरतेस."

"तुम्हाला काय माहीत?"

"सात-आठ वर्षांची होतीस. रविवारी आमचा डाव रंगला की बोर्डाखाली फरशीवर पावडर सांडायची. मोझेकची फरशी. तू मोजे घालून स्वयंपाकघराच्या दारातून पळत यायचीस आणि त्या पावडरीवरून थेट गॅलरीपर्यंत घसरत जायचीस. डावा पाय पुढे, हात असे. आई ओरडायची. दर रविवारी. एकदाही उजवा पुढे नव्हता."

मला ते घसरणं आठवत होतं, आईचं ओरडणं आठवत होतं. पण माझ्या आठवणीत बाबा नेहमी कॅरमवर वाकलेले होते. त्यांचं लक्ष सोंगट्यांवर होतं असं मी तीस वर्षं समजत होते. त्यांनी पाय बघून ठेवले होते.

"पण आई," मी पुन्हा म्हटलं.

"हे बघ," बाबा म्हणाले, "घरात शिरताना उजवा, ते बरोबरच आहे. घसरायला कोणता, ते तिने कुठे सांगितलं होतं? ती तर घसरूच नको म्हणत होती."

मी पट्टे सोडले. खोलीच्या मधोमध पाय जुळवून, डोळे मिटून उभी राहिले आणि तोल जाईपर्यंत पुढे झुकले. डावा पाय पुढे आला. तीनदा केलं, तीनदा डावा. दोन हिवाळे मी उलटी उभी राहून स्वतःलाच नावं ठेवत होते. आठही स्क्रू पुन्हा काढले, पकडींची अदलाबदल केली, कोन पुन्हा मोजले. त्या दिवशी जेवणाची सुट्टी पावणेदोन तास चालली आणि मीटिंगमध्ये मी इंटरनेट गेल्याचं कारण सांगितलं.

आता बर्फ पाहिजे होता. इथे बर्फ पडतो तो बहुधा पाण्यालाच लाज वाटून पांढरा झाल्यासारखा असतो, सकाळी पडतो आणि अकरापर्यंत चिखल होतो. पण बाबांनी आमच्या हवामानाचं ॲप टाकून घेतलं होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी माझा फोन वाजला. बाबांचा. तोवर फोन नेहमी मीच लावायचे.

"तुमच्याकडे रविवारी पूर्वेचा वारा आहे," ते म्हणाले. "आणि ढगही आहेत. मेण बघून ठेव."

रविवारी पडदा उघडला तर रस्ता नव्हता. सायकली नव्हत्या, नुसती हँडलं वर आलेली. ट्राम बंद, आगगाड्या बंद, आणि त्या बंदचं कुणालाच वाईट वाटत नव्हतं, कारण जायचं कुठे होतं? बर्फ अजून पडत होता, बारीक, कोरडा, वाऱ्याबरोबर जमिनीवरून रांगोळी वाहून गेल्यासारखा सरकत होता. बाल्कनीच्या कठड्यावरचा मुठीत घेऊन दाबला तर त्याचा गोळा होईना. बोटांतून निसटून गेला. मी तशीच उभी राहून मोठ्याने "पावडर" म्हटलं.

टेकडीवर हॉलच्या दाराला कुलूप होतं. आतला बर्फ बंद आणि बाहेरचा सगळ्यांना मोकळा. घसरगाड्या घेऊन मुलं आली होती, कुणी चहाच्या ट्रेवर बसून येत होतं. वारा जिथे अडतो त्या मागच्या उतारावर गुडघाभर साठला होता आणि तिथे अजून कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. फोन धरायला मी ट्रूसला बरोबर आणलं होतं. ती सत्तरीची, तिला एकेरी हाक मारायला मला दोन वर्षं लागली होती. बाहेर दोघांनीच भेटायचं असा नियम होता. बाबा फोनमध्ये असल्यामुळे मोजणीत येत नव्हते. थंडीत फोन बंद पडू नये म्हणून ट्रूसने तो लोकरीच्या टोपीत गुंडाळला, फक्त कॅमेऱ्याचा डोळा बाहेर, आणि बाबांना बघून म्हणाली, "लेकर, लेकर." डच लोक जेवणालाही लेकर म्हणतात, उन्हालाही, अशा हवेलाही. छान, मस्त, असं.

"बाई चांगली आहे," फोनमधून बाबा म्हणाले. "तुला लेकरू म्हणते."

मी वर चढले. बसून पट्टे आवळले. डावा पाय पुढे. समोर न तुडवलेलं पांढरं, खाली एक झुडूप आणि त्यापलीकडे आमचं सपाट, शहाणं झूटरमेर. उठले आणि बोर्डाचं नाक उताराकडे सोडलं.

आवाजच नव्हता. हॉलमध्ये बर्फावर बोर्ड खरखरतो, इथे नुसती फूस. नाक वर राहिलं, बर्फ गुडघ्यांवर उडायला लागला, तोंडात गेला. पहिलं वळण आलं, मग ते दुसरं, जिथे मी दोन हिवाळे आपटत होते, आणि मी ते वळले. वळलेय हे कळायच्या आत वळले. पायांना माहीत होतं. झुडपाला वळसा घालून मी थांबायला गेले आणि तोंडावर पडले, पण ते आनंदाने. एवढासा तर उतार, वीसपर्यंत मोजलं तर संपेल. मला त्या क्षणी ऑस्ट्रिया नको होता, काहीच नको होतं.

धापा टाकत ट्रूसपाशी आले.

"बाबा? बघितलंत?"

"नाही ना," बाबा म्हणाले. "नीट दिसलं नाही. परत कर."

परत चढले. बर्फात चढणं म्हणजे चेष्टा नाही, कंबरेत कळ येते. परत आले.

"फोन हलला," बाबा म्हणाले. "वळणाचं राहिलं."

तिसऱ्यांदा मध्ये कुणीतरी आलं म्हणाले. चौथ्यांदा म्हणे चित्र अडकलं. पाचव्यांदा उजेड डोळ्यांवर येत होता. दर फेरीच्या मधे मात्र बोलत होते. डावा खांदा उघडू नकोस. नाक बघू नकोस, जायचंय तिथे बघ. मागचा पाय अजून दोन सेंटिमीटर मागे चालेल का गं? घरी गेल्यावर बघू. सहाव्या फेरीला माझ्या पायांतलं बळ संपलं आणि मी ट्रूसवर जरा चिडलेच. म्हटलं, फोन थोडा वर आणि स्थिर धर ना, बाबांना काहीच दिसत नाहीये.

ट्रूसने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच थोडी वेडी असावी.

"काय दिसत नाहीये?" ती म्हणाली. "पहिल्याच खेपेला तुझे बाबा खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते. मग चष्मा पुसला. आणि दर वेळी तू वर चढायला लागलीस की ते खुर्ची थोडी पुढे ओढतात."

मी फोनकडे बघितलं. बाबा पडद्याच्या इतके जवळ आले होते की नुसतं कपाळ आणि चष्मा दिसत होता.

"काय म्हणतेय बाई?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. म्हणतेय, आता नीट धरते."

"हां, सांग तिला. मला अजून काही दिसलेलं नाही."

माझे ओठ बधिर झाले होते, बुटात पाणी शिरलं होतं, आणि इतकं सुख मला या देशात त्याआधी कधी झालं नव्हतं. मी बोर्ड काखेत मारला आणि पुन्हा टेकडी चढायला लागले.